हापूसच्या पेटीशेजारी पेट्रोलचा डबा

आमच्या घरात २०१६ सालचे आंबे ‘पेट्रोलचे आंबे’ म्हणून ओळखले जातात. बायको अजूनही पाहुण्यांना तो किस्सा सांगते. सांगताना माझ्याकडे बघत नाही, एवढीच काय ती दया.

झालं असं, की मे महिन्याचा शेवट होता, मेमोरियल डेची, म्हणजे इथल्या शहीद सैनिकांच्या स्मरणदिनाची, जोडून आलेली सुट्टी. अंगणातलं गवत पोटरीला लागायला लागलेलं. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गवत वाढलं म्हणून शेजारी कधी बोलून दाखवत नाहीत, फक्त स्वतःचं गवत आदल्या दिवशी चापूनचोपून कापून ठेवतात. मोव्हरची, म्हणजे गवत कापायच्या यंत्राची, टाकी कोरडी होती. मी गॅरेजमधला ५ गॅलनचा (गॅलन म्हणजे पावणेचार लिटर) लाल डबा मिनीव्हॅनमध्ये मागे टाकला आणि सगळ्यांना घेऊन निघालो. आई-नाना नुकतेच मिरजेहून आले होते, सहा महिन्यांसाठी. वाटेत पंपावर डबा गळ्यापर्यंत भरून घेतला. मग ओक ट्री रोडला, म्हणजे आपल्या देशी दुकानांच्या रस्त्याला, गाडी उन्हात लावली, सगळ्यांनी डोसे खाल्ले, किराणा घेतला. त्यात हापूसची पेटी होती, ४५ डॉलरची. भारतातल्या आंब्याला अमेरिकेत यायची परवानगी मिळाली २००७ साली. तेव्हापासून आमच्याकडे वर्षाला एकच पेटी येते, दसऱ्याला सोनं घ्यावं तशी. मागे डब्याच्या शेजारी नेमकी पेटीएवढी जागा होती. सरकवली.

मागचं दार उघडतानाच भपकारा आला होता. डबा टम्म फुगलेला, तोटीच्या मुळाशी ओल. मी झाकण जरा आवळलं आणि निघालो, पंधरा मिनिटांचा तर रस्ता. पाच मिनिटांत मधल्या सीटवरची मुलगी म्हणाली, डोकं दुखतंय. नाना म्हणाले, “गाडी बाजूला घे.” नानांनी उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलाय. ते उतरले, सगळी दारं उघडली, डबा उचलून झाडाच्या सावलीत ठेवला आणि मग माझ्याकडे वळले. “पोरं आत बसवून हे घेऊन फिरतोस होय रे?”

आंब्याच्या सालीला, पेटीतल्या गवताला, मेथीच्या जुड्यांना, सगळ्याला तो वास लागला होता. एक फळ कापून हुंगलं आणि पेटी बाहेर काढून टाकली. त्या रात्री आईने मिरजेला मावशीला फोनवर सांगितलं की गाडीत गॅस गळला. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात हे मावशीला कुठून माहीत असणार? ती बिचारी आमच्या गाडीतल्या सिलिंडरची चौकशी करत राहिली.

त्यानंतर डब्यातून पेट्रोल आणायचं आणि ठेवायचं हे काम मी नीट शिकून घेतलं, थोडं नानांकडून, थोडं मोव्हर दुरुस्तीच्या दुकानात उभं राहून, थोडं डब्यावरचं बारीक अक्षर वाचून. नवीन घर घेतलेले ओळखीचे लोक दर एप्रिलला तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

आधी नानांचा धडा

“पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते,” हे नानांचं पहिलं वाक्य. एसटीत त्यांचा जन्म डिझेलशी गेला, त्यामुळे पेट्रोलबद्दल त्यांना एक प्रकारचा संशय आहे. डिझेलची वाफ ठिणगीने पेटण्याइतकी जमायला ते ५० सेल्सिअसच्या वर तापावं लागतं. पेट्रोलला उणे ४० सुद्धा पुरतं. म्हणजे जानेवारीत स्नो ब्लोअरसाठी, म्हणजे बर्फ उडवायच्या यंत्रासाठी, पेट्रोल आणताना बाहेर बर्फ पडतोय म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

ही वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही, खाली बसते, सीटच्या खालून सरकत पुढे येते. फरशीवर सांडलेलं पाणी जसं उताराने मोरीकडे जातं तशी. शंभर भाग हवेत जेमतेम दीड भाग वाफ मिसळली की मिश्रण पेटायला तयार होतं. बंद गाडीत तेवढ्यासाठी फार पेट्रोल लागत नाही. शिवाय पेटलं नाही तरी ती आपण श्वासात घेतोच. मुलीचं डोकं उगाच दुखलं नव्हतं. त्या वाफेत बेन्झिन असतं आणि ते अंगाला चांगलं नाही.

डबा फुगला कशाने? पेट्रोलमधले हलके भाग ३५-४० सेल्सिअसच्या आसपास उकळायला लागतात. बाहेर २७ सेल्सिअस असलं तरी उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत अर्ध्या तासात ४५ होतं. आम्ही डोसे खात तासभर बसलो होतो. त्यात डबा गळ्यापर्यंत भरलेला. पेट्रोल तापलं की आकारानेही वाढतं, २० अंशांना शंभरात दोन भाग. ५ गॅलनला ते जवळजवळ ४०० मिलिलिटर होतं. त्याला जायला जागाच ठेवली नव्हती.

मुळात ५ गॅलन आणताच कशाला

बाकी काही वाचलं नाहीत तरी हे वाचा. आमच्या घराभोवतीचं गवत कापायला एका वेळी मोव्हरची एक टाकी लागते. ती टाकी एक क्वार्टची, म्हणजे लिटरभराहून किंचित कमी. गॅलनमध्ये चार क्वार्ट. आठवड्याला एकदा गवत कापलं तर एक गॅलन महिनाभर पुरतं. ५ गॅलन म्हणजे वीस आठवडे. एप्रिलला भरलेला डबा सप्टेंबरपर्यंत गॅरेजमध्ये फुगत-आकसत बसणार.

आणि तो टिकतही नाही. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. महिन्याभरानंतर त्या पेट्रोलचा भरवसा देता येत नाही. मोव्हर चालू होत नाही, कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखा थर बसतो, दुरुस्तीवाला ८० डॉलर घेतो आणि वर विचारतो, “पेट्रोल कधीचं?” टिकवण्याचं औषध, स्टॅबिलायझर, बाटलीत मिळतं. ते ताज्या पेट्रोलमध्येच घालायचं असतं. शिळ्या भातात ताजं दूध घालून तो ताजा होत नाही.

तेव्हा १ गॅलनचा डबा घ्या. भरलेला डबा तीन-साडेतीन किलोचा होतो, एका हाताने उचलतो, सांडला तरी गॅलनभरच सांडतो. ५ गॅलनचा भरलेला डबा १४-१५ किलोला जातो. तो कमरेत वाकून मिनीव्हॅनमध्ये चढवताना तिरका होतो आणि तिथेच पहिला थेंब पडतो.

माझ्याकडे ५ गॅलनचा आला सँडी वादळामुळे. २९ ऑक्टोबर २०१२ ला ते वादळ न्यू जर्सीवर आदळलं. वीज गेली, पंपही बंद, कारण पंपाला वीज लागते. गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टींनी आमच्या मिडलसेक्ससकट १२ काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, ३ नोव्हेंबरपासून गाडीच्या नंबरवरून सम-विषम रेशनिंग लावलं. पंपावर गाड्यांची एक रांग आणि लाल डबे घेतलेल्या माणसांची दुसरी. जनरेटरसाठी मिळेल तो डबा मिळेल त्या किमतीला मी उचलला होता. भीतीपोटी घेतलेली वस्तू माणूस टाकून देत नाही. चार वर्षं तो तसाच वापरत राहिलो. तोटीचं रबर कधीच कडक झालं होतं, ते मी पाहिलंही नव्हतं.

डबा

आपल्याकडे स्कूटर बंद पडली की पाण्याची रिकामी बाटली घेऊन पंपावर चालत जायची पद्धत. ती सवय विमानातून इथे येते. पहिल्या उन्हाळ्यात मी दुधाचा रिकामा गॅलनचा कॅन धुऊन पंपावर नेला होता. भरणारे सरदारजी होते. त्यांनी कॅन हातात घेतला, पंपाच्या खांबावर ठेवला आणि म्हणाले, “भाईसाब, ये दूध के लिए है, इसमें दूध डालो.” तेव्हा राग आला होता. पण त्या पातळ प्लॅस्टिकमधून वाफ झिरपते, ते मऊ पडतं, आणि त्याचं दाबायचं झाकण डबा आडवा झाला की उडतं. काचेची बाटली तर बोलायलाच नको.

पेट्रोलचा डबा लाल, डिझेलचा पिवळा, केरोसिनचा निळा. हा संकेत पाळा, निळा स्वस्त मिळतोय म्हणून त्यात पेट्रोल भरू नका. उद्या कुणीतरी तो केरोसिन समजून हीटरमध्ये ओतेल. २००९ पासून इथे विकल्या जाणाऱ्या डब्यांची तोटी सोडली की आपोआप बंद होते आणि झाकण मुलांना सहज उघडत नाही. ही ‘न सांडणारी’ तोटी दाबताना निम्म्या लोकांच्या बुटांवर पेट्रोल सांडतं, हे मला मान्य आहे. तिचा हिसका समजायला दोन महिने लागतात. रिकाम्या डब्यात पाणी घेऊन अंगणात सराव करा, मग डबा उलटा ठेवून पूर्ण कोरडा होऊ द्या. हसू नका, मी केलाय.

२०२३ च्या जुलैपासून बनलेल्या डब्यांच्या तोंडात एक बारीक जाळी असणंही सक्तीचं झालंय. बाहेरची ज्योत आत शिरू नये म्हणून ती असते. नरसाळं नीट बसत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हरने ती उपटून काढणारा एक मित्र मला माहीत आहे. त्याला मी आता डबा उसना देत नाही.

दर एप्रिलला पहिल्यांदा भरण्याआधी तोटीचं रबर बोटाने चाचपा. चिरलं असेल, कडक झालं असेल तर तोटी बदला किंवा डबा. वीसेक डॉलरचा प्रश्न आहे, आंब्याची पेटी त्याहून महाग.

पंपावर

न्यू जर्सीत आपलं आपण पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, १९४९ पासून. गाडीत बसून राहायचं, माणूस येऊन भरतो. त्यामुळे इथल्या लोकांना एक वाईट सवय लागते. मागचं दार बटणाने उघडायचं आणि आतूनच ओरडायचं, “डबापण भरा.” भरणारा घाईत असला तर डबा गाडीतच ठेवून नॉझल घालतो.

हे होऊ देऊ नका. उतरा, डबा स्वतः बाहेर काढा, गाडीपासून जरा लांब जमिनीवर ठेवा आणि मग भरायला सांगा. कारण असं, की पेट्रोल नळीतून वाहताना स्थिर वीज तयार होते, हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट करते ती. डबा जमिनीवर असेल तर ती जमिनीत उतरते. गाडीतल्या गालिच्यावर किंवा पिकअपच्या मागच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवलेला असेल तर उतरायला वाट नसते. ती साठते आणि नॉझल जवळ आलं की ठिणगी पडते, नेमकी वाफेच्या तोंडाशी. नॉझलची धातूची कड डब्याच्या तोंडाला टेकवूनच ठेवायची, उंचावरून धार सोडायची नाही. हळू भरायचं. नॉझलचा चाप अडकवून हात मोकळा करण्याची जी सोय असते ती डब्यासाठी कधीच वापरायची नाही.

डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की सगळं आपल्याच हाती. तिथे आणखी एक लक्षात ठेवा. थंडी वाजते म्हणून भरता भरता मध्येच गाडीत जाऊन बसू नका. सीटला घासून उतरलं की ती वीज अंगावर येते, आणि आपण तोच हात नॉझलला लावतो. जाऊन बसलातच, तर परत नॉझल धरण्याआधी गाडीच्या पत्र्याला हात लावा.

डब्यावर भरण्याची खूण असते तिथे थांबा. खूण दिसत नसेल तर वर चार बोटं रिकामी ठेवा. झाकण लावा, मग पुन्हा एकदा आवळा, मग बाहेरून कोरड्या कागदाने पुसा. तो कागद पंपावरच्या कचऱ्यात, गाडीत नाही. हाताला लागलं असेल तर पंपाच्या दुकानात साबणाने धुवा, नाहीतर वास स्टिअरिंगला लागतो आणि आठवडाभर डबा गळतोय असा भास होत राहतो.

कुठलं पेट्रोल? साधं ८७ ऑक्टेनचं. महाग प्रीमियम घालून मोव्हर जास्त पळत नाही. काही पंपांवर १५ टक्के इथेनॉलचं ई-१५ असतं, पंपावर नारिंगी पट्टीचा इशारा असतो. ते मोव्हर आणि तसल्या छोट्या इंजिनांत घालायला पर्यावरण खात्याची मनाई आहे. कडेचं गवत कापायच्या दोरीच्या यंत्राला ऑइल मिसळलेलं पेट्रोल लागतं, बहुतेकांना ५० ला १. त्याचा डबा वेगळा, त्यावर मार्करने लिहिलेलं. आमच्या डब्यावर नानांच्या हातचं ‘तेलाचं’ असं मराठीत आहे, ते मला सोडून कुणाला वाचता येत नाही. मुलीने खाली इंग्रजीत लिहिलं तेव्हा कुठे उपयोग झाला.

गाडीत

पिकअप ट्रक असेल तर प्रश्न सोपा, मागे उघड्या हवेत डबा बांधा. सेडान असेल तर डिकी, सीटच्या पाठीशी किंवा पायाशी कधीच नाही. पण आपल्या लोकांकडे असते मिनीव्हॅन नाहीतर एसयूव्ही, आणि तिथेच घोडं पेंड खातं. या गाड्यांना मागे वेगळी डिकी नसतेच. सामान आणि माणसं एकाच हवेत. मागे सुटलेली वाफ पुढे यायला मध्ये भिंत नाही.

मी आता असं करतो. पेट्रोल आणायची फेरी वेगळी, आणि त्या फेरीत मी एकटा. मुलं नाहीत, आई-नाना नाहीत, किराणा तर मुळीच नाही. मागे अगदी दाराजवळ एक दुधाचा प्लॅस्टिक क्रेट कायमचा ठेवलाय. १ गॅलनचा डबा त्यात उभा बसतो, बाजूच्या फटीत जुने टॉवेल कोंबतो म्हणजे हलत नाही, आणि क्रेट हुकच्या लवचिक दोरीने गाडीच्या कडीला बांधतो. डबा उभाच हवा. आडवा पडला तर चांगल्यातलं चांगलं झाकणही केव्हातरी पाझरतं. टॉवेलचा दुसरा फायदा असा, की पाझरलंच तर घरी आल्यावर टॉवेलला वास येतो आणि आपल्याला कळतं. डब्यावर काही रचायचं नाही. जंपर केबल, सुटे स्क्रू ड्रायव्हर असलं धातूचं सामान शेजारी नको.

पुढच्या दोन काचा चार बोटं आणि मागच्या थोड्या उघड्या. एसीचं आतली हवा फिरवणारं बटण बंद, बाहेरची हवा येऊ द्यायची. सिगारेट ओढणाऱ्यांनी या फेरीपुरता उपास करावा. घरातून बाकीची कामं आधी उरकायची, पंप शेवटी, आणि पंपावरून थेट घर. वाटेत ‘दोन मिनिटं दूध घेऊन येतो’ हे चालणार नाही, कारण ती दोन मिनिटं नसतात. घरी आल्यावर गाडी बंद केली की पहिलं काम डबा उतरवणं. फोन आला तर वाजू द्या.

डब्याला नुसता अंगभर फुगार आलाय, गळत नाही, असं दिसलं तर घाबरू नका आणि तो गाडीत उघडूही नका. नव्या डब्यांना हवा सोडायचं वेगळं भोक नसतं, त्यामुळे थोडं फुगणं त्यांच्या स्वभावातच आहे. बाहेर सावलीत ठेवा, थंड होऊ द्या, मग तोंड बाजूला करून झाकण अगदी हळू सैल करा. फुस्स आवाज येईल तो संपू द्या.

मोव्हरच गाडीतून दुरुस्तीला न्यायचा असेल तर त्याची टाकी आधी रिकामी करा, मग उरलंसुरलं संपेपर्यंत अंगणात चालवा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. रिकामी करायला हातपंप आठ-दहा डॉलरला मिळतो. चेतकच्या दिवसांत आपण नळी तोंडात धरून ओढायचो, ते आता नको. घोटभर पेट्रोल छातीत उतरलं तर फुफ्फुसाला सूज येते. आणि कधी उलटी करावीशी वाटली तर ती मुद्दाम काढायची नाही, दवाखान्यात जायचं.

सांडलंच तर

थोडंसं, कपभर असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद, सगळ्यांना उतरवा, सगळी दारं सताड उघडा. डबा बाहेर. मांजराच्या शीची माती, ती दुकानात पिशवीत मिळते ती, गालिच्यावर ओता आणि तासभर राहू द्या. आमच्याकडे मांजर नाही, पण एक पिशवी शेडमध्ये कायम असते. ती माती नंतर घरातल्या कचऱ्यात टाकायची नाही. उघड्यावर, झाकण नसलेल्या डब्यात वास जाईपर्यंत ठेवायची आणि मग काउंटीकडे द्यायची. वास काढायला नंतर खायचा सोडा चोळा, दोन दिवस दारं उघडी ठेवा. व्हॅक्यूम क्लीनर ओल्या पेट्रोलवर कधीही फिरवायचा नाही, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या असतात.

जास्त सांडलं असेल तर गाडी परत चालू करू नका. लांब जा आणि ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करा. त्यांना लाजायचं कारण नाही. आणि पेट घेतलाच तर पाण्याची बादली आणू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पाण्याबरोबर पसरते. त्या क्षणी पळायचं, गाडीला विमा असतो.

कपड्यांवर उडालं असेल तर ते काढून बाहेर दोरीवर वास जाईपर्यंत वाळत घाला, मग वेगळे धुवा. तरीही वास राहिला तर ड्रायरमध्ये टाकू नका, परत दोरीवर. इथे दोरीवर कपडे घालायला काही वसाहतींमध्ये मनाई असते. असू दे.

घरी कुठे

तळघरात नाही. आमच्याकडच्या घरांत गॅसवरचा वॉटर हीटर आणि घर तापवणारी भट्टी बहुधा तळघरात असतात आणि वाफ खाली उतरते हे मघाशी सांगितलंच. गॅरेजमध्ये हीटर किंवा ड्रायर असेल तर तिथेही नाही. मागच्या अंगणात छोटी लाकडी शेड असेल तर उत्तम. सावलीची बाजू, मुलांचा हात पोचणार नाही अशी फळी, झाकण आवळलेलं. शेडच्या दारापाशी बाहेरून एक एबीसी, म्हणजे लाकूड, पेट्रोल, वीज अशा तिन्ही आगींना चालणारा, अग्निशामक टांगलाय. मोव्हरमध्ये पेट्रोल घालतानाही शेडच्या आत घालायचं नाही, बाहेर गवताबाहेर सपाट जागी, आणि इंजिन पंधरा मिनिटं थंड झाल्यावर.

हिवाळ्याआधी उरलेलं पेट्रोल चांगलं असेल तर मी ते गाडीच्या टाकीत ओततो. आमची गाडी ते बिनबोभाट पिते, ऑइल मिसळलेलं मात्र नाही. फार जुनं, काळपट, आंबूस वासाचं झालं असेल तर काउंटी वर्षातून काही वेळा घातक कचरा गोळा करते तिथे डब्यासकट न्यायचं. गटारात किंवा गवतावर ओतायचं नाही. आमचा सँडीचा ५ गॅलनचा डबा मी शेवटी तिथेच देऊन आलो. नाना बरोबर आले होते, पण वेगळ्या गाडीत, शेजाऱ्याच्या.

लोक म्हणतात बॅटरीचा मोव्हर घे, हे सगळं लचांडच नको. बरोबर आहे त्यांचं. छोटं अंगण असेल तर मीही तेच सांगेन. आमचं अंगण पाऊण एकराला टेकतंय, बॅटरी मध्येच संपते, आणि हा मोव्हर अजून दोरीच्या दुसऱ्या हिसक्याला चालू होतो. मोडेल तेव्हा बघू.

हापूसची पेटी आता पुढच्या सीटवर बसून येते, पट्टा लावून. घरी आली की नाना ती उघडण्याआधी आधी बाहेरून हुंगतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मग सुरी मागवतात.